वेतन आणि वरदान

रेणापूरच्या परिसरात गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते. रक्कम ठरते, धान्य ठरते आणि दिलेला शब्द पुढील पाडव्यापर्यंत दोघांनाही बांधून ठेवतो. सोयाबीन काढणीचे काम गुत्त्याने घेणाऱ्या टोळीचा हिशेबही असाच रोखठोक असतो. जितके काम, तितके दाम. ज्यांच्या अंगी व्यवहाराची ही रीत मुरली आहे, त्यांना मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दृष्टांत उघड अन्यायाचा वाटेल. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, दुपारी लावतो आणि दिवस मावळावयास तासभर उरला असताना चौकात रिकामे उभे असलेल्यांनाही बोलावून घेतो. सायंकाळी सर्वांच्या हातावर एकच दिनार पडतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. वास्तविक त्यांचे काहीच बुडालेले नसते. ठरलेली मजुरी त्यांना पुरेपूर मिळालेली असते. दुसऱ्याला न कमावता मिळाले, हेच त्यांचे दुःख.

अर्थशास्त्राच्या कसोटीवर असा मळा फार दिवस चालणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर येणार कोण? परंतु दृष्टांत मजुरीच्या दराविषयी नाहीच. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे जीवन, क्षमा, पवित्र आत्मा आणि सर्वांहून श्रेष्ठ असे स्वतःच्या पुत्राचे दान ईश्वर माणसाला देतो, ते माणसाच्या कमाईकडे पाहून नव्हे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने हा भेद एखाद्या हिशेबनिसाच्या काटेकोरपणे मांडला आहे. काम करणाऱ्याची मजुरी हे त्याचे येणे असते, तो उपकार नव्हे. कृपा मात्र कोणाचेच येणे नसते. पुढे खुद्द चर्चलाच याचा विसर पडला. पापाच्या दंडातून सूट देणारी क्षमापत्रे पैसे घेऊन दिली जाऊ लागली, तेव्हा १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध आवाज उठविला.

महाराष्ट्रात या तत्त्वाची परीक्षा निराधारांच्या आश्रयस्थानांत झाली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवांना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते, या आक्षेपावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले आणि रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हा आक्षेप केवळ सनातन्यांचा कांगावा म्हणून झटकून टाकता येत नाही. भुकेल्याच्या हाती भाकरी ठेवताना त्याच्या श्रद्धेची अपेक्षा धरली, तर ती देणगी राहत नाही. तो सौदा होतो, आणि ज्यात एका पक्षाला 'नाही' म्हणण्याची सोयच नाही असा सौदा! मात्र आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या विधवांसाठी स्वतःचे दार उघडले होते, हेही विचारावयास हवे. त्यानंतरच्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया केडगावला आणल्या. तेथील 'मुक्ति'मध्ये त्या छपाईचे काम शिकल्या. हिब्रू व ग्रीकवरून रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबल याच मुद्रणालयातून निघाले. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले, तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हा प्रश्न स्वतःच्या पगारापासूनच सोडवावयास घेतला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ सेवा केली. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनावर पाणी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. मोबदल्याविना मिळालेल्या देणगीचा निरोप पगारपत्रकावर सही करून सांगण्यात जी विसंगती आहे, तिची इतकी किंमत मोजणारे थोडेच निघतात. टिळकांचा हात तसा पहिल्यापासूनच सैल. आलेला पैसा घरी पोचण्यापूर्वी वाटेतच कोणा गरजवंताला जाई आणि घरातले पीठमीठ जुळविण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे राही. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी ते हसत हसत, पण काही न लपविता सांगितले आहे.