पडद्याचा प्रकाश आणि त्वचा
मोबाइलच्या उजेडाने चेहरा काळवंडतो, या भीतीने वसतिगृहातील मुले खाऊचे पैसे महागड्या क्रीमवर खर्च करताना आम्ही पाहतो. पडद्यातून येणारा सुमारे ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश त्वचेतील रंगद्रव्य बनविणाऱ्या पेशींना चेतवू शकतो, हे खरे. सावळ्या त्वचेवर (सावळेपणा हा काही आजार नव्हे) तो परिणाम अधिक टिकतो. परंतु प्रयोगांत हे घडले ते पडद्याहून कितीतरी तीव्र प्रकाशाने. मैदानावरील उन्हात निळा प्रकाश पडद्याच्या अनेक पटींनी असतो. वांग असलेल्यांनी जपावे ते उन्हापासून. गालाला टेकणारी घामट, मळकी काच मात्र तारुण्यपीटिका चिघळवू शकते. ती रोज स्वच्छ, मऊ फडक्याने पुसावी.