वारेचीही विचारपूस करा!

'गाठ' हा शब्द ऐकला की बाईच्या पोटात गोळाच येतो. त्यातून ती गरोदर असेल, तर विचारायलाच नको! आमच्या वेळणेश्वरात बायकांशी बोलताना सोनोग्राफीचा विषय निघतो, तेव्हा सगळ्यांचं लक्ष बाळाच्या हातापायांकडे. वारेबद्दल कुणी विचारतच नाही. खरं तर नऊ महिने बाळाला पोसते ती वारच.

या वारेत कधीकधी रक्तवाहिन्यांची गाठ होते. डॉक्टर तिला 'कोरिओअँजिओमा' म्हणतात. जॉन क्लार्क या इंग्रज डॉक्टरांनी १७९८ मध्ये तिचं पहिलं वर्णन केलं. ही कर्करोगाची गाठ नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासलं, तर शंभरातल्या साधारण एका वारेत ती सापडते. बहुतेक गाठी इतक्या लहान असतात, की बाळ-बाळंतिणीला काहीच त्रास होत नाही.

काळजी करायची ती चार-पाच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठीची. बाळाचं बरंच रक्त तिच्यातून फिरू लागतं. बाळाच्या हृदयावर ताण येतो, त्याला रक्तक्षय होतो, अंगावर सूज चढते. गर्भजल वाढतं आणि दिवस भरण्याआधीच कळा सुरू होऊ शकतात. म्हणून पोट अचानक फार मोठं दिसू लागलं, तर 'जुळं असेल' म्हणून हसण्यावारी नेऊ नका!

गाठ मोठी असेल, तर ती पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत किंवा त्यानंतर दिसू शकते. कलर डॉपलरमध्ये तिच्यातला रक्तप्रवाह दिसतो. त्यावरून ती गाठ आहे की नुसतं साकळलेलं रक्त, हे ओळखायला मदत होते. मग एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. वेळ आलीच, तर मोठ्या रुग्णालयात जादा गर्भजल काढता येतं, पोटातल्या बाळाला रक्तही देता येतं.

पण नेमकी इथंच आपली गाडी अडते. गाठ सहसा दुखत नाही. 'दुखत नाही ना, मग कशाला चिपळूणच्या खेपा?' असं घरात म्हटलं जातं. पाऊस असतो, लावणी असते, गाडीभाडं असतं. पुढची तारीख हुकते, आणि धोका तिथंच वाढतो.

मैत्रिणींनो, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून सुरू आहे. त्यात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. आणखी एक, कायद्याने बंदी आहे ती गर्भलिंग तपासायला, सोनोग्राफीला नव्हे. तेव्हा 'मुलगा की मुलगी' हे विचारूच नका. 'डॉक्टर, वार कशी आहे?' हे मात्र जरूर विचारा!