गृहीतक (तर्कक्षमता चाचणी)

गृहीतक म्हणजे युक्तिवादात उघडपणे न मांडलेले, परंतु निष्कर्ष टिकून राहण्यासाठी आवश्यक असलेले विधान. स्पर्धा परीक्षांमधील तर्कक्षमतेच्या प्रश्नांत दिलेल्या युक्तिवादामागील असे विधान ओळखावयाचे असते. अनुमान दिलेल्या माहितीतून निघते; गृहीतक मात्र त्या माहितीला निष्कर्षाशी जोडते.

परीक्षांमधील स्थान

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ पासून, तर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१३ पासून पूर्वपरीक्षेत ‘सीसॅट’ या नावाने परिचित असलेली प्रश्नपत्रिका समाविष्ट केली. उताऱ्यांचे आकलन आणि तार्किक क्षमता हे तिचे प्रमुख घटक होत. तीत २०० गुणांसाठी ८० प्रश्न असतात व चुकीच्या उत्तराचे गुण वजा होतात. बँकांच्या भरती परीक्षांत ‘विधान व गृहीतके’ असा स्वतंत्र प्रश्नप्रकार आढळतो.

उदाहरण

सोलापूर जिल्ह्यातील भीमा नदीवरच्या उजनी धरणासंबंधी पुढील युक्तिवाद पाहता येईल : ‘धरणात ६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आहे, म्हणून उपयुक्त साठ्यातून शेतीसाठी आवर्तन सोडता येईल.’ यासाठी तीन पर्याय दिले आहेत, असे मानू.

१. या पाण्याचा काही भाग मृतसाठ्याच्या पातळीच्या वर आहे.
२. धरणातील सर्व पाणी शेतीसाठी राखीव आहे.
३. जिल्ह्यातील पिकांना पाण्याची गरज आहे.

नकार कसोटी

प्रत्येक पर्यायाचा नकार करून निष्कर्ष टिकतो का, हे तपासणे म्हणजे नकार कसोटी. पिकांना पाण्याची गरज नसली, तरी पाणी सोडणे शक्य असतेच. त्यामुळे तिसरा पर्याय बाद होतो. सर्व पाणी शेतीसाठी राखीव नसले, तरी काही पाणी देता येते. म्हणून दुसरा पर्याय गरजेपेक्षा व्यापक ठरतो. पहिल्या पर्यायाचा नकार केल्यास मात्र उपयुक्त साठाच उरत नाही आणि निष्कर्ष कोसळतो. म्हणून पहिला पर्याय हेच गृहीतक होय.

आवश्यकता आणि सत्यता

उजनीची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यांपैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. म्हणजेच धरणात ६० टीएमसी पाणी असताना उपयुक्त साठा शून्याखाली गेलेला असतो. स्थानिक भाषेत धरण ‘वजा’ असते. त्यामुळे वरील गृहीतक वस्तुतः असत्य आहे. तरीही प्रश्नाचे अचूक उत्तर तेच राहते. ही वस्तुस्थिती ठाऊक असलेला परीक्षार्थी पहिला पर्याय चुकीचा समजून तिसरा, म्हणजे सत्य परंतु अनावश्यक, पर्याय निवडण्याची शक्यता असते. प्रश्न विधानाच्या सत्यतेविषयी नसून युक्तिवादाला त्याची गरज आहे का, याविषयी असतो. युक्तिवाद दुर्बल करणारे विधान विचारले असल्यास मात्र मृतसाठ्याचा हाच आकडा निर्णायक ठरतो.