साठी आणि बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण तिने घराघरांत मोठा घोटाळा करून ठेवला आहे, असे आम्हांस वाटते. तिच्यामुळे निरोगी वृद्ध उगाच धास्तावतो आणि जो खरोखर आजारी असतो, त्याच्या आजाराकडे ‘आता वयच झाले’ म्हणून काणाडोळा होतो. तेव्हा वार्धक्य कोणते आणि व्याधी कोणती, हे आज आपण पाहू.

वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, पेशीपेशींमधले काही दुवे विरळ होतात आणि निरोपांची ये-जा मंदावते. म्हणून ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते. दोन कामे एकदम करणे जड जाते. पण तेच नाव तासाभराने आठवते. शब्दसंग्रह व व्यवहारज्ञान तर बहुधा शाबूत राहते.

अल्झायमरच्या व्याधीची गोष्ट निराळी. १९०१ साली फ्रांकफुर्टच्या रुग्णालयात आउगुस्टे नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नावही नीट लिहिता येईना. म्हणजे साठीच्या आधीच हे घडले, हे ध्यानात घ्यावे. १९०६ साली ती वारली, तेव्हा डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता त्यांना दिसला. अशी थोडीफार पुटे निरोगी वृद्धांतही सापडतात. पण या व्याधीत पेशीच मोठ्या संख्येने मरतात, आणि नव्या आठवणी साठवणारा भाग बहुधा आरंभीच सापडतो. म्हणून बालपण आठवते, पण सकाळचे जेवण आठवत नाही.

मग घरात हे ओळखावे कसे? किल्ली कोठे ठेवली हे विसरणे साधे. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, चाळीस वर्षे केलेल्या आमटीची कृती न सुधरणे, हे साधे नव्हे. साध्या विसराची तक्रार माणूस स्वतः करतो. व्याधीची जाणीव पुष्कळदा घरच्यांनाच आधी होते.

अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा मनाची उदासी यांनीही विस्मरण होते, आणि त्यांवर उपचार आहेत. अल्झायमर पुरता बरा करणारे औषध अद्याप नाही. तरी निदान लवकर झाले, तर पुढची व्यवस्था त्या माणसाला विचारून करता येते. एवढा मान घरच्या वडीलधाऱ्यांना मिळावा, म्हणून ही म्हण आपण जरा जपून वापरू या.