घरची तालीम, लोखंडाची

नगर जिल्ह्याला ताकदीचं वेड नवं नाही. गावोगावच्या तालमी आणि यात्रांमधले कुस्त्यांचे हगामे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरीचा आखाडाही अहिल्यानगर शहरातच भरला. अलीकडे मात्र तांबड्या मातीच्या जोडीला लोखंड आलं आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं, शिक्षक, दुकान सांभाळणारे चाळिशीतले गृहस्थ घराच्या पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये रॉड आणि प्लेटा आणून ठेवतात आणि मोबाईलवर पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा बघतात. ही आवड चांगली आहे. फक्त ती अंगाला लागावी, अंगावर येऊ नये, एवढी काळजी घ्यायला हवी.

खेळ नेमका काय?

पॉवरलिफ्टिंग आणि वेटलिफ्टिंग यांची अनेकदा गल्लत होते. कर्णम मल्लेश्वरीने २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य जिंकलं, ते वेटलिफ्टिंग. त्यात वजन डोक्यावर न्यायचं असतं. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार असतात. खांद्यांवर रॉड घेऊन खाली बसून उठायचं, तो स्क्वॉट. बाकावर उताणं झोपून छातीपर्यंत आणलेला रॉड वर ढकलायचा, तो बेंच प्रेस. जमिनीवरचा रॉड उचलून ताठ उभं राहायचं, तो डेडलिफ्ट. प्रत्येकात तीन संधी मिळतात आणि तिन्ही प्रकारांतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज धरतात.

समोर तीन पंच असतात. किमान दोन पांढरे दिवे लागले तरच उचललेलं वजन मोजलं जातं. स्क्वॉटमध्ये जांघेची घडी गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेली पाहिजे. बेंच प्रेसमध्ये रॉड छातीवर स्थिर झाल्यावर पंच सांगतील तेव्हाच वर न्यायचा. चुकीच्या पद्धतीने उचललेले दोनशे किलो या खेळात शून्य धरतात. स्पर्धा बघताना आकड्यापेक्षा हे बघायला शिका, म्हणजे घरी सराव करतानाही तीच नजर राहील.

हा खेळ केवळ तरुणांचाही नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांमध्ये चाळिशीपासून पुढे दहा-दहा वर्षांचे गट आहेत आणि सत्तरीपुढच्यांसाठीही वेगळा गट आहे. पॅरालिंपिकमध्ये यातला बेंच प्रेस असतो. राजिंदरसिंग रहेलूने २००४ साली अथेन्समध्ये ५६ किलो गटात त्यात कांस्यपदक मिळवलं.

काटा सारखा, आतला माल वेगळा

पदक मिळवायचं नसलं, तरी ताकदीच्या व्यायामाची आपल्याला विशेष गरज आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोघांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं. उंची आणि वजनावरून काढलेला बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्यापैकी अनेकांची ठेवण असते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवण्याची मोठी कोठी म्हणजे स्नायू. कोठीच लहान असेल तर साखर रक्तात रेंगाळणार.

वय झालं म्हणून स्नायू वाढत नाहीत, हाही गैरसमज आहे. १९९० साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या अशक्त मंडळींकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम करून घेतला गेला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना चालण्या-पळण्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते.

‘आम्ही शेतात राबतो, आम्हाला हे कशाला?’ असं पाथर्डी-शेवगावकडचे पेशंट विचारतात. ऊसतोडीची मोळी वाहणं हे अफाट कष्टाचं काम आहे, पण त्यात वजन आपण ठरवत नाही, विश्रांतीही आपण ठरवत नाही. व्यायामात दोन्ही आपल्या हातात असतं. सोसेल तेवढं वजन घ्यायचं, मग शरीराला भरून यायला वेळ द्यायचा आणि पुढच्या वेळी किंचित वाढवायचं. अमेरिकी लष्करातले डॉ. थॉमस डेलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे गुडघे याच पद्धतीने बळकट केले आणि १९४५ साली तिची शास्त्रीय मांडणी केली. संधिवाती तापातून उठल्यावर त्यांनी स्वतः वजनं उचलून ताकद कमावली होती.

घरात काय आणायचं?

आधी जागा बघा. शक्यतो तळमजला निवडा. राहत्या घराचा स्लॅब सर्वसाधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून बांधतात. रॅक, प्लेटा, बाक आणि माणूस मिळून लहानशा जागेत तेवढा भार सहज होतो, शिवाय डेडलिफ्टचा रॉड आपटला तर हादरा वेगळाच. शहाबादी फरशी असेल तर जाड रबरी मॅट हवीच. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पहाटेच व्यायाम उरका.

मग सामान. एक सरळ, चांगला रॉड (स्पर्धेतला २० किलोचा असतो), प्लेटा, मजबूत बाक आणि आडवे सुरक्षा-दांडे असलेला रॅक. पैसे कमी पडले तर प्लेटा कमी घ्या, पण रॅकमध्ये काटकसर नको. एकट्याने बेंच प्रेस करताना रॉड छातीवर किंवा गळ्यावर अडकला, तर जीव जाऊ शकतो. सुरक्षा-दांडे असे लावा की अडकलेला रॉड गळ्यावर न येता त्यांच्यावर टेकेल. अंगठा रॉडला गुंडाळलेला ठेवा. रॅक नसेल आणि जवळ कुणी नसेल, तर त्या दिवशी बेंच प्रेस करू नका, जोर मारा.

श्वास आणि रक्तदाब

जड वजन उचलताना आपण श्वास कोंडतो. त्याने कण्याला आधार मिळतो, पण रक्तदाब क्षणभर प्रचंड चढतो. कॅनडातल्या संशोधकांनी १९८५ साली धमनीत नळी घालून तो मोजला, तेव्हा दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना सरासरी ३२०/२५० भरला. निरोगी तरुण शरीर ते काही सेकंद सोसतं. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी, घरात कुणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल त्यांनी सुरुवातीपूर्वी तपासणी करून घ्यावी. रक्तदाब आटोक्यात नसेल, डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा रक्तस्राव असेल किंवा हर्निया असेल, तर आधी उपचार. बाकीच्यांनी हलकं वजन घ्यावं आणि उचलताना श्वास सोडावा. छातीत दुखणं, चक्कर, डोक्यात अचानक सणक आली तर तिथेच थांबा. अतिश्रमानंतर लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असू शकते.

खरा धोका सुईचा

लोखंडापेक्षा मला भीती वाटते ती इंजेक्शनांची. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठी मेफेंटरमाईन वापरतात. व्यायामापूर्वी तरतरी यावी म्हणून ते बेकायदा विकल्याचे गुन्हे महाराष्ट्रात नोंदले गेले आहेत. आधीच चढलेल्या रक्तदाबावर हे औषध म्हणजे आगीत तेल. टेस्टोस्टेरॉनसारखी स्टेरॉइड बाहेरून घेतली की शरीर स्वतःचं संप्रेरक बनवणं थांबवतं, शुक्राणू घटतात, हृदयाचा स्नायू जाड होतो. सुई एकमेकांत वापरली तर कावीळ आणि एचआयव्ही वेगळेच. २०२२ साली भारतातल्या खेळाडूंच्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ मध्ये बंदी असलेली द्रव्यं सापडली. दोन हजारांहून अधिक नमुने तपासलेल्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होतं.

प्रथिनांसाठी डब्यांचीही सक्ती नाही. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनांपलीकडे स्नायूंना फारसा जादा फायदा दिसत नाही. डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, मटकी यांतून बरीच मजल मारता येते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

सामानाच्या यादीत शेवटी सव्वा-सव्वा किलोच्या दोन छोट्या प्लेटा जरूर लिहा. दुकानदार बहुधा त्या आठवण करून देत नाही. आठवड्याला अडीच किलो वाढवत गेलं तर बारा आठवड्यांत तीस किलो होतात, आणि नवशिक्याच्या सांध्यांना, कण्याला त्याची सवय व्हायला वेळ मिळतो. एका वहीत तारीख आणि वजन लिहीत चला. वाढ थांबली तर आठवडाभर वजन उतरवा, झोप पुरी घ्या आणि पुन्हा चढा.