धावा, पण जरा हळू!

धावायला सुरुवात करणारे पुष्कळ, महिनाभर टिकणारे थोडे. चूक बहुधा इच्छाशक्तीची नसते, वेगाची असते.

पहाटे साडेपाचचा गजर होतो. नवेकोरे बूट पायात चढतात. फाटकाबाहेर पडताच गृहस्थ असे धावत सुटतात, जणू सुटणारी गाडीच पकडायची आहे! दोनशे पावलांत धाप लागते, बरगडीखाली कळ येते आणि चौथ्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून थांबावं लागतं. तीन दिवस हाच प्रकार. चौथ्या दिवशी दुखऱ्या पोटऱ्या जिना उतरू देत नाहीत. नव्याचे नऊ दिवसही पुरे होत नाहीत आणि बूट कपाटात जातात. वर निष्कर्ष ठरलेला, ‘धावणं आपल्या रक्तातच नाही!’

दोष रक्ताचा नसतो. आपल्यापैकी बहुतेकांनी धावणं शिकलं ते शाळेच्या मैदानावर. शिट्टी वाजली की जीव खाऊन पळायचं, पहिल्या तिघांना बक्षीस आणि बाकीच्यांनी मान खाली घालून परतायचं. धावणं म्हणजे जोरात धावणं, हा समज तेव्हापासून मनात घट्ट बसलेला असतो. तो काढून टाकला की निम्मं काम झालं.

तेराचा पाढा म्हणून पाहा

वेग किती असावा? धावताना सोबतच्या माणसाशी एक पूर्ण वाक्य बोलता यावं, इतकाच. एकटे असाल तर तेराचा पाढा म्हणून पाहा. मध्येच श्वास तुटला तर समजा, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! वेग कमी करा. शेजारून कुणी झपझप चालत पुढे निघून गेलं तरी जाऊ द्या.

आधी दोन-तीन आठवडे रोज अर्धा तास भरभर चाला. मग एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं सात-आठ वेळा करा. आठवड्यातून तीन दिवस पुरेत. मधला दिवस विश्रांतीचा. पुढे धावण्याची मिनिटं हळूहळू वाढवत न्या. मध्ये चालण्यात कमीपणा नाही. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी पुढे हजारो नवशिक्यांना धावणं-चालणं अशीच पद्धत शिकवली.

घाई न करण्याचं आणखी एक कारण आहे. दम काही आठवड्यांत सुधारतो. पण हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर बळकट व्हायला जास्त वेळ लागतो. आता जमतंय असं वाटून माणूस एकदम अंतर वाढवतो आणि नेमका तेव्हाच नडगी किंवा टाच धरते. चाळिशी ओलांडली असेल किंवा रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.

आणि आनंद? तो पहिल्या दहा मिनिटांत शोधू नका. ती सरावलेल्यांनाही जड जातात. नंतर श्वास आणि पाऊल यांची लय जुळते, डोक्यातली घरची-कचेरीची कटकट मागे पडते आणि रोजचाच रस्ता नवा वाटू लागतो.

लोक काय म्हणतील?

पुष्कळांचे, विशेषतः गृहिणींचे पाय खरे अडतात ते इथे. या वयात हे काय खूळ, हे शेजारणीचं वाक्य आधीच कानात वाजू लागतं. अशा वेळी बारामती तालुक्यातल्या लता भगवान करे यांना आठवावं. साठी ओलांडलेल्या या मजूर बाई २०१३मध्ये बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या उपचारांसाठी पैसे हवे होते. हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून त्या धावल्या. लोक काय म्हणतील हा विचार करायला त्यांना फुरसत नव्हती. २०२०मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांची भूमिका त्यांनीच केली.

तारीख ठरली की पाय निघतात

जिंकायचं नसेल, तर शर्यतीत नाव कशाला द्यायचं? तारखेसाठी! ‘कधीतरी धावू’ म्हणणारा माणूस पाऊस पडला की पांघरूण ओढतो. नाव नोंदवलेला माणूस पावसाकडे एकदा बघतो आणि बूट घालतो.

जालंधरजवळच्या बियास पिंड या गावचे फौजा सिंग यांना अशाच एका ध्येयाने सावरलं. पत्नी गेली, पाठोपाठ मुलगाही गेला. खचलेले फौजा सिंग इंग्लंडला दुसऱ्या मुलाकडे राहायला गेले आणि तिथे धावू लागले. २०००मध्ये ते लंडन मॅरेथॉन धावले तेव्हा त्यांचं वय ८९ सांगितलं जाई. २०११मध्ये टोरांटोला, शंभरीत, त्यांनी ४२.१९५ किलोमीटर आठ तास अकरा मिनिटांत पूर्ण केले. जन्मदाखला नसल्यामुळे गिनीजने विक्रमाची नोंद केली नाही. म्हणून काही त्यांचं धावणं थांबलं नाही. शेवटची शर्यत ते २०१३मध्ये हाँगकाँगला धावले. २०२५मध्ये रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं.

पहिल्याच वेळी ४२ किलोमीटरचा ध्यास मात्र नको. सलग अर्धा तास धावता येऊ लागलं की पाच किलोमीटरची शर्यत निवडा. २००४मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हौशी लोकांसाठी सुमारे सहा किलोमीटरची ‘ड्रीम रन’ असते. बंगळूरची दहा किलोमीटरची शर्यत २००८पासूनची, तर दिल्लीची अर्धमॅरेथॉन २००५पासूनची. सरावाचे महिने मोजून मगच नाव द्या.

शर्यतीच्या दिवशी काहीही नवं नको. बूट नकोत, कपडे नकोत की न्याहारीही नको. सुरुवातीला गर्दी, ढोल-ताशे आणि टाळ्या ऐकून पाय आपोआप वेग घेतात. तेव्हाही तेराचा पाढा आठवा. शेवटच्या रेषेवर तुमच्या पुढे किती गेले, हे कुणी विचारत नाही. घरी गेल्यावर मुलं मात्र ते पदक गळ्यात घालून आरशात बघतात.

बूट अजून कपाटातच आहेत ना? उद्या पहाटे ते झटकून बाहेर काढा. दमून नव्हे, अजून थोडं धावता आलं असतं असं वाटत असतानाच घरी परता. परवा पुन्हा जावंसं वाटेल.