यंत्रमानवाला काय काय कळते?

३० डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या आयआयटीतील 'टेकफेस्ट'मध्ये मानवी चेहऱ्याचे 'सोफिया' हे यंत्र साडी नेसून व्यासपीठावर आले आणि त्याने प्रेक्षकांना 'नमस्ते' म्हटले. असे यंत्र पाहिले की आपण नकळत धरून चालतो : डोळे आहेत, म्हणजे दिसते, बोलते, म्हणजे समजते. ही सवय जुनीच आहे. १९४४ साली हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी पडद्यावर दोन त्रिकोण व एक वर्तुळ हलताना दाखवले. जवळजवळ सर्व प्रेक्षकांना त्यांत भांडण, पाठलाग, भीती दिसली!

माणसांच्या बाबतीत ही सवय उपयोगी पडते. जो मराठी बोलतो त्याला मराठी समजते, आणि न समजल्यास तो तसे दाखवतो. यंत्रात मात्र प्रत्येक क्षमता वेगळी बसवावी लागते. एक आहे म्हणून दुसरी असेलच असे नाही.

धुळे-अमळनेर भागातले उदाहरण घेऊ. प्रमाण मराठी शिकवलेल्या यंत्रमानवाला मुलाने अहिराणीत विचारले, 'तू कथा जाई ऱ्हायना?' अहिराणीत 'कथा' म्हणजे कुठे. यंत्र कदाचित गोष्ट सांगू लागेल! पुण्याचा पाहुणा असता तर त्याचा चेहरा गोंधळला असता आणि मुलाने वाक्य बदलले असते. यंत्राचा चेहरा हसराच राहतो.

उलटही घडते. अनेक देशांतील शाळांत वापरलेल्या 'नाओ' या छोट्या यंत्रमानवाच्या डोळ्यांच्या जागी रंगीत दिवे आहेत. कॅमेरे आहेत कपाळावर आणि तोंडाच्या जागी. डोळे झाकले तरी त्याला दिसतच राहते. अशा यंत्राच्या कानात सांगितलेले घरचे गुपित ध्वनिमुद्रित होऊन दूरच्या संगणकात साठू शकते. मित्र समजून बोलणाऱ्या मुलाला हे कोण सांगणार?

यासाठी जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही वर्गात, यंत्राशिवाय करता येईल असा खेळ आम्ही सुचवतो. एका विद्यार्थ्याला यंत्रमानव करा. त्याला गुप्त चिठ्ठी द्या : 'ऐकू येते, दिसत नाही, फक्त शेवटचे वाक्य आठवते.' इतरांनी दहा प्रश्न विचारून चिठ्ठी ओळखावी. दर वेळी चिठ्ठी बदला.

खेळानंतर फळ्यावर तीन प्रश्न लिहा : याला काय दिसते-ऐकू येते? त्यातले काय समजते? काय साठते, आणि कोणाकडे? बोलके यंत्र समोर आले की मुलांनी हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.